रणदिव्यांचा संघ आणि चांगल्या कारभाराची परीक्षा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषय बास्केटबॉलचा वाटेल, पण खरा विषय कारभाराचा आहे, त्यामुळे खेळ कळत नसला तरी वाचायला हरकत नाही.

विवेक रणदिवे हे नाव आपल्याकडं अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असतं. मुंबईत जन्मलेला मुलगा अमेरिकेत जातो, एमआयटीत शिकतो, टिब्को नावाची सॉफ्टवेअर कंपनी उभी करतो आणि २०१३ मध्ये एनबीएमधला सॅक्रॅमेंटो किंग्ज हा संघ विकत घेतो. एनबीए संघाची बहुसंख्य मालकी मिळवणारा पहिला भारतीय वंशाचा माणूस. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, तेव्हा त्यातला एक संघ हाच होता. समोर इंडियाना पेसर्स. दोन्ही सामने किंग्ज हरले, पण त्या दिवसांत ‘आपल्या रणदिव्यांचा संघ’ म्हणून कौतुक भरपूर झालं.

कौतुक योग्यच होतं. पण संघाचा मालक आपल्या आडनावाचा आहे एवढ्यावर संघ चांगला चालतो असं होत नाही. एनबीएमध्ये गेल्या बारा-पंधरा वर्षांत संघ कसा चालवू नये याचं उदाहरण द्यायचं झालं, तर लोक ज्या दोन-चार संघांची नावं घेतात, त्यात किंग्ज आहे. मग चांगला चालवलेला संघ म्हणजे काय? माझं उत्तर असं: संघाचा कारभार जिंकण्याच्या वर्षात कळत नाही, हरण्याच्या वर्षात कळतो. हरत असताना निर्णय कोण घेतं, आणि ठरलेल्या माणसाच्या पाठीशी कोण किती दिवस उभं राहतं, यात सगळं आलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘ज्याच्याकडं पैसा जास्त तो जिंकणार’ हे एनबीएत सरळसोट चालत नाही. तिथं तीस संघ आहेत आणि लीगनं मुद्दाम सगळ्यांना एका पातळीवर आणायची व्यवस्था केलेली आहे. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. ती ओलांडायच्या वाटा आहेत, पण फार वर गेलात तर मोठा कर भरावा लागतो आणि खेळाडूंची अदलाबदल करायचे रस्तेही बंद होत जातात. टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सगळ्यांना सारखा वाटला जातो. आणि दरवर्षी नवे खेळाडू निवडायचा जो ड्राफ्ट असतो, त्यात हरलेल्या संघांना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. म्हणजे सलग खराब खेळणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा संधी मिळते. इतकं करूनही काही संघ वर्षानुवर्षं वर राहतात आणि काही वर्षानुवर्षं तळाला, मग फरक कशाचा? नशिबाचा थोडा, बाकी कारभाराचा.

तुलनेसाठी दोन संघ घेऊ. दोन्ही छोट्या शहरांतले. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारखी झगमग नाही, मोठे खेळाडू आपणहून इथं येत नाहीत. आणि दोन्हींचा सिएटल शहराशी विचित्र संबंध आहे.

पहिला ओक्लाहोमा सिटी थंडर. हा संघ मूळचा सिएटलचा, नाव सुपरसॉनिक्स. ४१ वर्षं तिथं होता, १९७९ ला विजेता झाला. स्टारबक्सवाले हॉवर्ड शुल्ट्झ यांच्याकडून २००६ मध्ये क्ले बेनेट यांच्या गटानं ३५ कोटी डॉलरला तो घेतला आणि २००८ मध्ये उचलून ओक्लाहोमाला नेला.

दुसरा आपला सॅक्रॅमेंटो किंग्ज. जुने मालक मलूफ बंधू २०१३ मध्ये तो सिएटलच्या गटाला विकायला निघाले होते. व्यवहार जवळपास झालाच होता. तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन स्वतः एनबीएचे जुने खेळाडू. त्यांनी धावपळ करून दुसरा खरेदीदार गट उभा केला. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं, आणि ५३ कोटी ४० लाख डॉलर एवढी संघाची किंमत धरून रणदिव्यांच्या गटानं संघ घेतला. शहरानं संघ वाचवला आणि रणदिव्यांनी शहराचा शब्द राखला. हे श्रेय त्यांचं, कुणी काढून घेऊ नये.

पण पुढं काय झालं बघा. रणदिव्यांनी आधी कोच नेमला, मायकल मलोन. त्यानंतर जनरल मॅनेजर नेमला. म्हणजे ज्यानं कोच निवडायचा, त्याच्या हातात आल्या आल्या दुसऱ्यानं निवडलेला माणूस. पोरीचं लग्न ठरवून झाल्यावर बापाला विचारायचं, तसं हे झालं. दुसऱ्या हंगामाची सुरुवात चांगली झाली होती. मग संघाचा मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी पडला, काही सामने गेले, आणि ११ विजय-१३ पराभव असताना, डिसेंबर २०१४ मध्ये मलोनला काढलं. तोच मलोन पुढं डेन्व्हरला गेला आणि २०२३ मध्ये त्यानं तो संघ विजेता करून दाखवला.

मालकाला खेळातलं काही कळू नये असं माझं म्हणणं नाही. रणदिवे हुशार माणूस. स्वतः कधी बास्केटबॉल न खेळता त्यांनी मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाला पूर्ण मैदानभर दाब देऊन खेळायला शिकवलं आणि तो संघ चमकला, ही गोष्ट माल्कम ग्लॅडवेलनं २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिली आहे. अडचण हीच झाली असावी. बारा वर्षांच्या मुलींच्या संघात चाललेली युक्ती मोठ्यांतही चालेल असं वाटायला लागतं. बचावाला चारच खेळाडू ठेवून पाचवा समोरच्या टोकाला उभा करायचा, अशी कल्पना मालकानं मांडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एका धंद्यात यशस्वी झालेल्या माणसाला दुसऱ्या धंद्यातलंही कळतं असं वाटणं हा आजार जगभर आहे. आपल्याला त्याची उदाहरणं शोधायला सॅक्रॅमेंटोपर्यंत जायची गरज नाही.

नंतरचा पाढा वाचून दाखवतो. २०१३ ते २०२५ या काळात किंग्जचे कोच किती? हंगामी धरून आठ. मलोन, कॉर्बिन, कार्ल, योर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन, ख्रिस्टी. यातल्या योर्गरला २०१९ मध्ये काढलं, तेव्हा संघानं ३९ सामने जिंकले होते, आणि तेरा वर्षांतली ती सर्वांत चांगली कामगिरी होती. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर हाती होता, तेव्हा मार्विन बॅगलीला घेतलं. तिसऱ्या नंबरवर गेला लुका डॉन्चिच. निवडीतली चूक कुणाचीही होते, ते सोडा. पण सलग सोळा हंगाम प्लेऑफच्या बाहेर, हा एनबीएच्या इतिहासातला विक्रम. त्यातले पहिले सात मलूफ बंधूंचे, पुढचे नऊ रणदिव्यांचे.

मग २०२२-२३ मध्ये जादू झाल्यासारखं झालं. जनरल मॅनेजर मॉन्टी मॅकनेअर, कोच माइक ब्राउन. ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायचे आणि अख्खं शहर ‘लाइट द बीम’ म्हणून ओरडायचं. ब्राउन वर्षातला सर्वोत्तम कोच, मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक. घडी बसली असं वाटलं. जून २०२४ मध्ये ब्राउनचा करार वाढवला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, १३ विजय-१८ पराभव असताना, त्याला काढलं. करार वाढवून सहा महिने! फेब्रुवारीत संघाचा सर्वांत चांगला खेळाडू डिॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. एप्रिलमध्ये संघ बाहेर पडला त्याच रात्री मॅकनेअरही गेला. दोन वर्षांपूर्वी जे तिघं मिळून शहराला आकाशात झोत दाखवत होते, त्यातलं कुणी उरलं नाही.

आता ओक्लाहोमा. तिथं निर्णय घेणारा माणूस एकच, सॅम प्रेस्टी. २००७ पासून तोच. कोच २००८ पासून २०२५ पर्यंत चार. प्रेस्टीच्या चुका झाल्या नाहीत? भरपूर झाल्या. २०१२ मध्ये जेम्स हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं, तो पुढं २०१८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ मध्ये केविन ड्युरांट करार संपल्यावर निघून गेला, बदल्यात काहीच मिळालं नाही. दुसरीकडं असता तर प्रेस्टीची नोकरी दोन वेळा गेली असती. इथं नाही गेली.

२०१९ मध्ये पॉल जॉर्जनं जायचं म्हटल्यावर प्रेस्टीनं त्याला क्लिपर्सला दिला आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तेव्हा एकच हंगाम खेळलेला पोरगा आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. त्यातल्याच एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. मधल्या काळात संघ मुद्दाम कच्चा ठेवला. २०२०-२१ मध्ये २२ विजय, त्यानंतर २४. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसनं त्यांना ७३ गुणांनी हरवलं. १५२ विरुद्ध ७९. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव.

त्या रात्रीनंतर काय झालं? काहीच नाही. कोच होता मार्क डेगनॉल्ट, संघाच्याच दुय्यम संघातून वर आलेला तरुण माणूस. त्याला कुणी काढलं नाही. मालकानं पत्रकारांसमोर येऊन डोकं आपटलं नाही. पुढं ४०, मग ५७, मग ६८ विजय, आणि जून २०२५ मध्ये तोच कोच, तोच व्यवस्थापक विजेतेपदाचा करंडक घेऊन उभे होते. अंतिम फेरीत समोर कोण? वरळीला आलेले इंडियाना पेसर्स. आणि त्यांचा म्होरक्या टायरीस हॅलिबर्टन. त्याला ड्राफ्टमध्ये निवडला होता किंग्जनंच, दीड हंगामात देऊन टाकला. त्या व्यवहारातून आलेल्या साबोनिसमुळं ४८ विजयांचं ते वर्ष दिसलं हे खरं. पण घेतलेलं टिकवता आलं नाही, हेही तेवढंच खरं.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तुमचं म्हणणं धीर धरा, एवढंच. किंग्जनंही सोळा वर्षं धीरच धरला की! नाही. हरणं म्हणजे धीर नव्हे. ओक्लाहोमा हरत होतं तेव्हा कशासाठी हरतोय हे ठरलेलं होतं, आणि ते ठरवणारा माणूस बदलत नव्हता. सॅक्रॅमेंटोत दर दोन-अडीच वर्षांनी नवा माणूस, नवी दिशा. मागच्यानं आणलेले खेळाडू पुढच्याला नको असतात. बी पेरायचं, उगवलं का बघायला माती उकरायची, आणि पीक येत नाही म्हणून जमिनीला दोष द्यायचा.

ओक्लाहोमानं ही रीत कुठून उचलली, तेही सांगतो. प्रेस्टी २००० मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडं उमेदवारी करायला लागला होता. तिथं ग्रेग पॉपोविच १९९६ पासून २०२५ पर्यंत कोच. पाच विजेतेपदं, सलग २२ हंगाम प्लेऑफ. टिम डंकन मिळाला हे नशीब, मान्य. पण मानू जिनोबिलीला १९९९ मध्ये ५७ व्या नंबरवर आणि टोनी पार्करला २००१ मध्ये २८ व्या नंबरवर उचलणं हे नशीब नव्हे. इतरांनी न बघितलेले देश, न बघितलेली पोरं बघायची सवय लावलेली माणसं तिथं होती, आणि त्यांचं कुणीतरी ऐकत होतं. चांगल्या संस्थेची एक खूण मी ही मानतो: तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं दुसरीकडं जाऊन चांगलं काम करतात. सॅक्रॅमेंटोतून बाहेर पडलेलीही करतात, मलोन बघा. फक्त ती तिथं शिकून नाही, तिथून सुटून करतात.

आता माझ्याच मुद्द्याला एक टाचणी. मालकानं सगळं जाणकारांवर सोपवलं की झालं, असं आहे का? डॅलस मॅव्हरिक्स बघा. जून २०२४ मध्ये अंतिम फेरीत पोचलेला संघ. मालक नवे, खेळाबाहेरचे. त्यांनी जनरल मॅनेजर निको हॅरिसनवर विश्वास ठेवला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानं पंचविशीतला लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला. बदल्यात तिशी ओलांडलेला अँथनी डेव्हिस, एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची एकच निवड. बोलणी इतकी गुपचूप की इतर संघांना बोली लावायची संधीच मिळाली नाही. सगळं शहर पेटून उठलं. सामन्यांत ‘फायर निको’च्या आरोळ्या सुरू झाल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला काढावंच लागलं.

म्हणजे मालकानं ढवळाढवळ करू नये, पण झोपूही नये. त्याचं काम प्रश्न विचारायचं. ‘हे का करतोय? दुसऱ्या कुणाला विचारलं का? चुकलं तर काय?’ एवढे तीन प्रश्न विचारणारा मालक आणि त्यांची उत्तरं देता येणारा व्यवस्थापक, ही जोडी जमली की संघ चालतो. उत्तर मिळाल्यावर मात्र मालकानं हात मागं घ्यायचे. विचारणं आणि करणं यातली रेघ ज्याला कळते तो चांगला मालक.

कारभार म्हटलं की फक्त मैदान नव्हे. फिनिक्स सन्स २०२१ मध्ये अंतिम फेरी खेळला. त्याच संघाचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्यावर २०२२ मध्ये लीगनं वर्षभराची बंदी आणि एक कोटी डॉलर दंड लावला. चौकशीत वंशद्वेषी शब्द वापरल्याचं आणि महिला कर्मचाऱ्यांशी वाईट वागल्याचं समोर आलं होतं. शेवटी संघ विकावा लागला. मैदानावर चांगला आणि ऑफिसात सडका असा संघ मी चांगला चालवलेला म्हणणार नाही. तिकिटं फाडणारी, जाहिराती आणणारी माणसंही त्याच संघाची असतात.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर एवढं लिहिलं. पैसा कुणाचा?

किंग्जचं नवं स्टेडियम २०१६ मध्ये उघडलं. त्यात शहराचे २५ कोटी ५० लाख डॉलर. लोकांनी सार्वमत घ्या म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. अर्जातल्या त्रुटींवर बोट ठेवून मागणी फेटाळली गेली. ओक्लाहोमानं निदान विचारलं तरी. डिसेंबर २०२३ मध्ये मतदान घेतलं, ७१ टक्के लोक हो म्हणाले. पण कशाला हो म्हणाले? किमान ९० कोटी डॉलरच्या स्टेडियमला, ज्यात मालकांचा वाटा फक्त ५ कोटी. बाकी बहुतेक एक टक्का विक्रीकरातून, म्हणजे ज्यानं आयुष्यात कधी सामना बघितला नाही त्याच्याही खिशातून. आणि मतदाराच्या डोक्यात सिएटल असतंच: नाही म्हटलं तर संघ जाईल. हाच संघ तसाच तर आला होता.

म्हणून थंडरचं कौतुक करताना मी इथं थांबतो. खेळाच्या बाबतीत तो आज सर्वांत चांगला चालवलेला संघ असेल. शहराच्या बाबतीत हिशोब वेगळा आहे. स्टेडियमवर ओतलेला सार्वजनिक पैसा शहराला तेवढा परत मिळत नाही, यावर बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे. दुसरा रस्ताही आहे: गोल्डन स्टेट वॉरियर्सनं सॅन फ्रान्सिस्कोतलं स्टेडियम २०१९ मध्ये खासगी पैशातून बांधलं. मोठं शहर, श्रीमंत मालक, त्यांना जमतं, हा युक्तिवाद ऐकू येईल. पण ओक्लाहोमाच्या मालकांनाही ५ कोटींपेक्षा जास्त परवडलं असतं, यात मला शंका नाही.

तर माझी फूटपट्टी सांगतो, तुम्ही तुमची लावा. निर्णय कोण घेतो हे सगळ्यांना माहीत आहे का? वाईट वर्षातही तो माणूस टिकतो का? त्याला कुणी प्रश्न विचारतं का? ऑफिसातल्या शेवटच्या माणसाला मान आहे का? आणि लोकांचा पैसा घेतला असेल तर लोकांना विचारून, रास्त वाटा टाकून घेतला का? ओक्लाहोमाला मी पहिल्या तीनमध्ये पूर्ण गुण देईन, शेवटच्यात जेमतेम पास करीन. सॅक्रॅमेंटोला शहर राखल्याबद्दल मनापासून दाद, बाकी पेपर पुन्हा द्यावा लागेल.

रणदिव्यांनी तो द्यावा असं मला वाटतं. तीन वर्षं एकाच माणसाला, एकाच कोचला, तोंडातून शब्द न काढता काम करू देणं, एवढंच करायचं आहे. पैसा त्यांच्याकडं आहे, शहराचं प्रेमही आहे. सोळा वर्षं हरूनही जे शहर जांभळ्या झोताखाली नाचलं, त्याला एवढं मागायचा हक्क आहे.